गाभारा पाद्र्याचा, मंडप गावाचा

गेल्या अंकात मी अ‍ॅशवेलच्या चर्चबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. तो अंक ज्यांच्या हाती लागला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अ‍ॅशवेल हे लंडनच्या उत्तरेला हार्टफर्डशर परगण्यातलं लहानसं गाव. चर्च मुख्यतः चौदाव्या शतकातलं, मनोरा १७६ फुटांचा. माझी मुलगी तिथून जवळच, स्टीव्हनेजला राहते. नातीला शाळेत पोचवलं की दुपारपर्यंत मी मोकळी. गुडघे साथ देतात तोवर बसने आसपासच्या गावांत जायचं आणि जुनी चर्चं बघत फिरायचं, हा माझा उन्हाळा. मी इतिहासकार नाही. ठाण्यातल्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करण्यात तीस वर्षं गेली. भिंतीवर हातोडी टकटक करायची आणि पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकायचं, हा आमचा धंदा. तिथेही तेच करते, फक्त हातोडी नेत नाही.

पत्रं कापून-छाटून घेतली आहेत. रागावू नये.

प्रश्न : मुलाकडे नॉर्फोकला गेलो होतो. गावच्या चर्चमध्ये भिंतीत एक अरुंद दार दिसलं. आत दगडी जिना. दहा-बारा पायऱ्यांवर दुसरं दार, आणि ते चक्क हवेत उघडतं! पुढे पाऊल टाकलं तर थेट खाली. वरच्या मजल्याचा एफएसआय मिळाला नव्हता की काय? (एक आजोबा, वाशी)

उत्तर : मजला होता, आजोबा. उतरवला. सफोकमधल्या अशाच एका जिन्यात मी कपाळाला टेंगूळ आणून घेतलंय, त्यामुळे ही गोष्ट मला पक्की माहीत आहे.

आपल्या देवळात सभामंडप आणि गाभारा, तशी या चर्चची दोन अंगं असतात. पश्चिमेकडचा लांब भाग म्हणजे नेव्ह, तो मंडप समजा. पूर्वेकडचा लहान, बहुधा कमी उंचीचा भाग म्हणजे चॅन्सल, तिथे वेदी. चॅन्सल पाद्र्याची, नेव्ह गावाची. मधे कोरीव लाकडी पडदा, पडद्यावर अरुंद माळा आणि त्याच्याही वर क्रुसावरचा ख्रिस्त, एका अंगाला मेरी, दुसऱ्या अंगाला जॉन. या क्रुसाला इंग्रजीतला जुना शब्द ‘रूड’. तिथे मेणबत्त्या लावायच्या तर वर जायला वाट हवी. तोच तुमचा जिना.

आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमशी संबंध तोडले एवढं शाळेत शिकवतात. पण गावच्या चर्चमधला संसार खरा विस्कटला तो त्याच्या मुलाच्या, मूर्ती-चित्रं न मानणाऱ्या प्रॉटेस्टंट सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत. १५४७ पासून मूर्ती उतरल्या, भिंतींवरच्या चित्रांवर चुना फिरला. एडवर्ड गेला, कॅथलिक मेरी राणी आली, तिने पाच वर्षांत सगळं परत उभं करायला लावलं. मग एलिझाबेथ, पुन्हा प्रॉटेस्टंट. १५६१ मध्ये हुकूम निघाला : माळा काढा, खालचा पडदा राहू द्या. गावाने मुकाट्याने माळ्याचं लाकूड उतरवलं. जिना मात्र भिंतीच्या पोटात. तो काढायचा म्हणजे भिंत उतरवायची, आणि त्याचा खर्च कोण करणार? चौदा-पंधरा वर्षांत तीनदा हुकूम फिरलेला, चौथ्यांदा फिरला तर? राहू दिला असेल. हा शेवटचा तर्क माझा, पदरचा.

चुन्याखाली गेलेल्या चित्रांपैकी एकाची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सफोकमध्ये वेनहॅस्टन नावाचं गाव आहे. १८९२ मध्ये तिथल्या चर्चची दुरुस्ती निघाली. चॅन्सलच्या कमानीत ठोकलेल्या, चुना फासलेल्या जुन्या फळ्या काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला. सकाळी बघतात तर चुना धुऊन गेलेला, आणि फळ्यांवर अंतिम न्यायाचा दिवस : तराजूत आत्मे तोलणारा मायकल, जबडा वासलेला नरक, नागड्या माणसांची रांग. फळ्या आता चर्चमध्येच लावल्या आहेत. समोर उभं राहिलं की आधी चित्र दिसत नाही, दिसतात चित्राच्या मधल्या कोऱ्या जागा. एक क्रुसाच्या आकाराची, दोन्हीकडे उभ्या माणसांच्या आकाराच्या. लाकडी मूर्ती या फळ्यांना टेकून ठोकलेल्या होत्या. मूर्तीच्या पाठीमागे कशाला रंगवायचं, म्हणून रंगाऱ्याने रंग वाचवला. मूर्ती गेल्या. त्याने वाचवलेल्या रंगामुळे त्यांचा आकार तेवढा उरला. भिंतीवरची फोटो फ्रेम काढल्यावर मागे चौकोन राहतो ना, तसा.

प्रश्न : आमची सोसायटी १९८१ ची. गच्ची गळते. वरचे म्हणतात सगळ्यांनी भरा, खालचे म्हणतात ज्याच्या घरात गळतं त्याने भरा. सहाशे-सातशे वर्षांच्या चर्चचा मेंटेनन्स कोण भरतं, तेवढं कळलं तर आमच्या सभेत सांगता येईल. (एक सेक्रेटरी, नौपाडा)

उत्तर : आधी तुमचं. गच्ची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चात. उपविधींत स्पष्ट लिहिलेलं आहे, खालच्यांना वाचून दाखवा. बाथरूमची गळती ज्याची त्याने बघायची, हे वरच्यांनाही वाचून दाखवा, म्हणजे दोघेही सारखेच नाराज होतील.

आता चर्च. अख्ख्या विषयात मला सगळ्यांत जास्त रस यातच आहे, त्यामुळे जरा लांबेल. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एक नियम रुळला : चॅन्सलची डागडुजी रेक्टरने करायची, नेव्हची गावकऱ्यांनी. रेक्टर म्हणजे ज्याला गावचा दशमांश मिळतो तो. दहा पेंढ्यांतली एक पेंढी, दहा कोकरांतलं एक कोकरू, लोकरीतही हिस्सा. खाल्लं त्याने आपल्या वाटणीचं छप्पर सांभाळावं, असा रोखठोक व्यवहार. हे एकदा डोक्यात बसलं की चर्चकडे लांबून पाहतानाच खातेवही वाचल्यासारखं होतं. नेव्ह उंच, वरच्या अंगाला खिडक्यांची ओळ, खांब सडसडीत, आणि पलीकडे चॅन्सल बुटकी, जुनाट? तर गावात पैसा आला आणि रेक्टरने हात आखडला. सफोकमध्ये लॅव्हनम आणि लाँग मेलफर्डला पंधराव्या शतकात लोकरीच्या आणि कापडाच्या व्यापाऱ्यांनी असा पैसा ओतला, की खेडेगावातलं चर्च आहे यावर विश्वास बसत नाही. लॅव्हनमचा मनोरा १४१ फूट.

गरीब गावांनी काय केलं? डेव्हनमध्ये मोरबाथ नावाचं तीसेक घरांचं गाव आहे. तिथे ख्रिस्तोफर ट्रायकी हा पाद्री १५२० पासून १५७४ पर्यंत, म्हणजे चौपन्न वर्षं होता, आणि त्या काळातले चर्चचे हिशेब आजही शाबूत आहेत. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या होत्या, पण कळप एका जागी नाही : एक मेंढी या घरी, एक त्या घरी, सांभाळायची घरच्यांनी आणि लोकर विकून पैसे संताच्या नावच्या फंडात. तरण्या पोरांचा फंड वेगळा, पोरींचा वेगळा. शिवाय बिअर गाळून गावजेवणासारखा कार्यक्रम करायचा आणि विक्रीचा नफा चर्चला. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीला दार वाजवणारी मंडळं आहेतच, पण दारू विकून देवाचं छप्पर शाकारायचं हे आपल्याला जरा जड जाईल.

याच ट्रायकीने मृतांसाठीच्या प्रार्थनेला काळे रेशमी पोशाख हवेत म्हणून वीस वर्षं पै-पै साठवली. पोशाख आले १५४७ साली. साल बघा. वर लिहिलंच आहे त्या साली काय झालं ते. थोड्याच दिवसांत मृतांसाठीच्या त्या प्रार्थना बंद पडल्या.

तर मुद्द्यावर येते. बऱ्याच गावांत रेक्टर म्हणून एखादा मठच दशमांश खायचा. १५३६ ते १५४० या काळात हेन्रीने मठ बरखास्त केले, जमिनी आणि दशमांशाचे हक्क खासगी लोकांना विकले. हक्काबरोबर चॅन्सलचा बोजाही गेला. पुढे दशमांश संपला, जमिनींचे तुकडे पडले, हात बदलले, बोजा मात्र जमिनीला चिकटून राहिला. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो, त्यात काहीच लिहिलेलं नसावं आणि तरी बोजा असावा, तशी गत. वॉरिकशरमध्ये अ‍ॅस्टन कँटलो गावात एका जोडप्याकडे अशी शेती होती. १९९० च्या दशकात त्यांना चर्चकडून चॅन्सलच्या दुरुस्तीची नोटीस आली, ९५ हजार पौंडांहून जास्त रकमेची. ते भांडले. प्रकरण थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००३ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. तोवर दुरुस्तीचा आकडा दोन लाखांच्या घरात. त्यानंतर तिथे घर घेणारा प्रत्येक जण वकिलाला आधी विचारू लागला, चॅन्सल लागते का? ऑक्टोबर २०१३ नंतर नियम असा झाला, की बोजा जमिनीच्या नोंदणीत चढवलेला नसेल तर नव्या खरेदीदाराला तो लागू होत नाही. या बोजाचा विमाही मिळतो. आपल्याकडे टायटल सर्चला पाच-दहा हजार द्यायला कुरकुरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

आज? नेव्हसाठी गावावर बसवलेली सक्तीची पट्टी १८६८ मध्येच रद्द झाली. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १६ हजार इमारती आहेत, त्यांतल्या १२ हजारांहून जास्त संरक्षित यादीत. सरकार नियमित पैसे देत नाही. देणग्या, मिळालं तर अनुदान, आणि आठवड्यातून एकदा चर्चमध्येच चहा-केकची विक्री. अ‍ॅशवेलला मी लिंबाचा केक खाल्ला, अडीच पौंड. ते मी नेव्हच्या खात्यात धरते.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चर्च कोणत्या काळातलं ते बघता क्षणी ओळखायची काही ट्रिक? (घोडबंदर रोड)

उत्तर : कमानी आणि खिडक्या बघ. अर्धगोल कमान, हत्तीच्या पायासारखे खांब, कमानीवर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी : नॉर्मन, म्हणजे फ्रान्समधून नॉर्मन लोक चालून आले त्या १०६६ नंतरची साधारण सव्वाशे वर्षं. टोकदार कमान आणि भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद खिडक्या : अर्ली इंग्लिश, ढोबळमानाने तेरावं शतक. खिडकीच्या माथ्यावर दगडात वेलबुट्टी : डेकोरेटेड, चौदाव्याचा पूर्वार्ध. आणि सरळ उभ्या दगडी पट्ट्यांनी आखलेली रुंद खिडकी : पर्पेंडिक्युलर, तिथून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. ही नावं थॉमस रिकमनने १८१७ मध्ये रूढ केली. हा गृहस्थ आर्किटेक्चर कुठे शिकला नव्हता, लिव्हरपूलला विम्याच्या कचेरीत हिशेब लिहायचा. तुझ्या सरांना सांगू नकोस.

पण ‘हे चर्च कधीचं?’ असं विचारू नकोस. ‘ही भिंत कधीची?’ असं विचार. नॉर्मन दार, तेराव्या शतकातली चॅन्सल, पंधराव्यातला मनोरा आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातली फरशी, असा एकाच इमारतीत चौघांचा संसार असतो. शिवाय वय पुढेमागे सरकतं. एसेक्समध्ये ग्रीनस्टेडला ओकच्या उभ्या ओंडक्यांची भिंत असलेलं चर्च आहे. आधी ते ८४५ चं सांगायचे. मग लाकडातली वर्षवलयं नीट मोजली तेव्हा कळलं, की ती झाडं तोडलीच गेली १०५३ नंतर. दोनशे वर्षांचा फटका. आता तू एक कर, कर्जत लोकल पकड आणि अंबरनाथला उतर. तिथल्या शिलाहारांच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६०. नॉर्मन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरायला अजून सहा वर्षं होती. एकीकडे काळा पाषाण इंच न् इंच कोरलेला, दुसरीकडे उभे चिरलेले ओंडके, आणि दोन्ही कामं जवळपास एकाच पिढीतली. हाताशी जे असेल त्यात बांधतात. नॉर्फोकमध्ये गोल मनोरे इतके का, याचंही हेच कारण दिलं जातं : तिथे मिळते गारगोटी, कोपऱ्याला लावायला चिरेबंद दगड नाही. मग कोपराच नको.

प्रश्न : चॅन्सलच्या भिंतीत अगदी खाली एक लहान खिडकी असते. गाइड म्हणाला, महारोग्यांना आत घ्यायचे नाहीत म्हणून ते बाहेरून यातून बघायचे. खरं का? (ऐरोली)

उत्तर : नाही. गोष्ट चांगली आहे म्हणून टिकली. प्रार्थनेतल्या मुख्य क्षणी आतून हातघंटा वाजवायची आणि शेतातल्या माणसाला ती ऐकू जावी म्हणून ही खिडकी, याकडे जाणकारांचा कल आहे. त्यापेक्षा चॅन्सलमध्येच दक्षिणेच्या भिंतीत कोनाडा शोधा, त्यात बशीएवढा दगडी खळगा आणि तळाला भोक असतं. विधीची भांडी विसळलेलं पाणी इकडेतिकडे सांडायचं नाही, ते या भोकातून भिंतीतल्या भिंतीत थेट जमिनीत जायचं. गोमुखातून येणारं तीर्थ ओलांडू नये, असं लहानपणी बजावलेलं ज्यांना आठवतं त्यांना हा खळगा समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न : चेस्टरफील्डच्या चर्चचा कळस जिलबीसारखा पिळवटलेला फोटोत पाहिला. फोटोशॉप? (खारीगाव)

उत्तर : खराच आहे. उंची २२८ फूट, ४५ अंश पीळ, वर कलही साडेनऊ फुटांचा. चौदाव्या शतकातला लाकडी सांगाडा. ओल्या लाकडाचा, कारण तेव्हा ओक ओलाच वापरत, चिरायला सोपा. त्यावर शिशाचे पत्रे, तेहतीसेक टन. तिरक्या बांधणीची लाकडं अपुरी. लाकूड सुकताना मुरडलं, दक्षिणेकडचं शिसं उन्हाने जास्त तापलं, वजन वर बसलेलंच. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये कसबी सुतार मेले म्हणून असं झालं, असंही सांगतात. असेल. पण सहाशे वर्षांहून जास्त काळ उभा आहे, आणि पस्तीस वर्षांत ‘धोकादायक’ची नोटीस लागलेल्या इमारती मी इथे ठाण्यात हाताने तपासल्या आहेत, त्यामुळे त्या सुतारांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

प्रश्न : कौपिनेश्वर दारात असताना परक्यांच्या चर्चचं कौतुक कशाला? (नाव-गाव नाही)

उत्तर : कौपिनेश्वरावर लिहीन. ठाण्यातलं हे सध्याचं देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० च्या सुमारास बांधवलं. तिथेही मी पहिला प्रश्न विचारणार तो हाच, की नंतरच्या दुरुस्त्यांचे पैसे कुणी दिले. तुमच्याकडे त्याचे जुने कागद असतील तर जरूर पाठवा, तेव्हा मात्र नाव-गाव लिहा.

प्रश्न : अ‍ॅशवेलच्या भिंतीवर प्लेगबद्दल कोरलेल्या ओळींविषयी तुम्ही लिहिलं होतं. तिथे आणखी काय काय कोरलंय? (एक आजी, चरई)

उत्तर : ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी : मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर लॅटिनमध्ये १३५० साल कोरलंय. काळ केविलवाणा, रानटी, सैरभैर. साक्षीला उरलाय तो माणसांतला गाळ, अशा अर्थाच्या ओळी. त्याखाली १३६१ च्या भयंकर वादळाची नोंद. दगड म्हणजे तिथला खडूसारखा मऊ चुनखडक, टोकदार काहीही लागलं की ओरखडा उठतो, म्हणून खांब न् खांब लिहिलेला आहे. एके ठिकाणी तर लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथीड्रलचं चित्रच आहे, १६६६ च्या आगीत गेलं ते.

पण आजी, मला आवडलेली ओळ वेगळी आहे. एका खांबावर बारीक अक्षरात, लॅटिनमध्येच, कुणीतरी लिहिलंय : कोपऱ्यांचे सांधे नीट जुळलेले नाहीत, थू! लिहिणाऱ्याचं नाव नाही. गवंडी असेल, मुकादम असेल, बिल न मिळालेला कुणी असेल. साइटवर एकमेकांच्या कामाला असं म्हणणारी माणसं मी आयुष्यभर ऐकली, पण दगडात लिहिलेलं पहिल्यांदाच बघितलं. मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी आडवा धरला तरच अक्षरं उमटतात, सरळ धरला तर खांब कोराच. चष्मा पुसून ते नीट वाचलं आणि मग अर्धा तास मी तो कोपरा शोधत फिरले. आसपासचे सगळे सांधे बोट फिरवून बघितले. एका ठिकाणी सूतभर फट होती, नखही शिरेना. तेवढ्यात मुलीचा फोन आला, नातीची शाळा सुटली होती.